साडेपाचची चिपळूण गाडी

इकडे डॅलसमध्ये रविवारी सकाळी आठ वाजता मी चहाचा कप घेऊन बसतो आणि कराडला व्हिडिओ कॉल लावतो. तिकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. आईनं नुकताच देवापुढे दिवा लावलेला असतो, बाबा प्रीतिसंगमावरून फिरून आलेले असतात. नोव्हेंबरात आमची घड्याळं एक तास मागं गेली की हाच कॉल त्यांच्याकडे साडेसातला जातो. आमची घड्याळं बदलण्याचे दोन्ही रविवार बाबांनी कालनिर्णयवर लाल पेनानं गोल करून ठेवलेत. त्या दिवशी फोन उचलल्यावर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "झाली का रे तुमची घड्याळं पुढं-मागं?"

परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असा एक रविवारचा कॉल असतोच. माझ्यासाठी मात्र त्या वेळेला आणखी एक अर्थ आहे. लहानपणी रविवारची संध्याकाळ म्हणजे बाबा जायची वेळ असायची.

बाबा बँकेत होते. प्रमोशन घेऊन ऑफिसर झाले आणि त्यांची बदली चिपळूणला झाली. आई कराडमध्येच एका शाळेत शिक्षिका, आजी अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे बिऱ्हाड हलवायचा प्रश्नच नव्हता. १९९४ ते १९९८, म्हणजे माझी दुसरी ते सहावी, बाबा चिपळूणला एका खोलीत राहिले. तेव्हा बँकांना शनिवारी अर्धा दिवस असायचा. दुपारी काम आटपून ते एसटी पकडायचे आणि कुंभार्ली घाट चढून, कोयनानगर, पाटण करत रात्री घरी पोचायचे. रविवारी संध्याकाळी साडेपाचच्या गाडीनं परत. अंतर शंभरेक किलोमीटरचं, पण घाटाची लाल गाडी तीन-साडेतीन तास सहज घ्यायची.

म्हणजे बाबा आमच्या वाट्याला आठवड्यातून एक दिवसही पुरता येत नव्हते. आठवडाभराचं बापपण ते त्या रविवारी उरकायचे. सकाळी बाजारहाट, गॅस सिलिंडर, आजीची औषधं. दुपारी जेवण झालं की जमिनीवर जुनी सोलापुरी चादर दुमडून ठेवायचे आणि इस्त्री काढायचे. माझे आणि ताईचे शाळेचे कपडे, आईच्या साड्या. शर्टावर हातानं पाणी शिंपडायचं, कॉलर आधी, मग बाह्या, मग पाठ. मी शेजारी बसून बुटांना पॉलिश करायचो. पीटीच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांना खडू लावायचं कामही माझ्याकडेच. इस्त्री चालू असतानाच ते पाढे विचारायचे. एकोणीसचा पाढा अडला की इस्त्री उभी करून ठेवायचे आणि मी पूर्ण म्हणेपर्यंत तशीच ठेवायचे. प्रगतिपुस्तकावरची सही, फाटलेल्या वहीचं खाकी कव्हर, तुटलेला दप्तराचा बंद, सगळं चारच्या आत व्हायचं.

कारण चार वाजता दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागायचा. आम्ही चौघं टीव्हीसमोर, आजी आतल्या खोलीतून आवाज ऐकणार. पण पाचच्या सुमारास बाबा घड्याळाकडे बघायला लागायचे. आई उठून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि खर्डा फडक्यात बांधायची. हे मधल्या वारी कपाटात ठेवायचं नाही, लगेच संपवायचं, असं दर आठवड्याला बजावायची. मग टीव्ही बंद. बाबांची काळी रेक्झिनची बॅग एका बाजूनं मी धरायचो, दुसऱ्या बाजूनं ते. आमच्या घरापासून स्टँड चालत पंधरा मिनिटांवर. आजही कित्येक मराठी चित्रपटांचा शेवट मला माहीत नाही, त्याचं कारण ही साडेपाचची गाडी.

स्टँडवर बाबा खिडकीजवळची जागा धरायला रुमाल टाकायचे आणि पुन्हा खाली उतरायचे. मला कधी शेंगदाण्याची पुडी, कधी लिमलेटच्या गोळ्या. "आईला त्रास देऊ नकोस. आजीला रात्रीची गोळी आठवणीनं दे." कंडक्टरनं डबल बेल मारली की गाडी हलायची. बाबा खिडकीतून हात करायचे आणि मी फलाटाच्या टोकापर्यंत पळायचो. येताना आई, ताई आणि मी काही न बोलता चालायचो. घरी आल्यावर शुभंकरोती, मुगाची खिचडी, भाजलेला पापड, आणि उद्याचं दप्तर. सोमवारची भीती सगळ्याच मुलांना असते. माझ्या सोमवारची सुरुवात स्टँडवरच व्हायची.

एका रविवारी मी गेलो नाही. पाचवीत होतो. गल्लीत मॅच होती, आणि खरं सांगायचं तर राग आला होता. शनिवारी माझं शाळेत नाटक होतं आणि बाबा रात्री पोचले, तेव्हा सगळं संपलं होतं. ते हाक मारत होते आणि मी मुद्दाम लांब जाऊन फील्डिंगला उभा राहिलो. ते एकटे बॅग घेऊन गेले. रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतरच्याच पावसाळ्यातला एक रविवार मात्र आमच्या घरात अजून सांगितला जातो. दिवसभर पाऊस कोसळत होता, तरी बाबा साडेपाचला निघाले. रात्री साडेअकराला दारावर थाप. आईनं घाबरतच दार उघडलं, तर बाबा डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले. घाटात दरड आली होती, गाडी कोयनानगरहून परत फिरवली होती. आईनं उरलेली खिचडी गरम केली आणि मी झोपेतून उठून पुन्हा त्यांच्याबरोबर जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी माझा भांग पाडून मला शाळेत सोडलं. त्या पाच वर्षांत बाबांनी शाळेत सोडलं असा तो एकच सोमवार. पुढं कित्येक रविवारी मी दरड कोसळावी म्हणून देवाला नमस्कार केलेला आहे. दरड म्हणजे काय, तिच्याखाली काय काय सापडू शकतं, हे कळायचं ते वय नव्हतं.

सातवीत गेलो आणि बाबा कराडला परत आले. बदली झाली, एवढंच आम्हाला सांगितलं गेलं.

आता इकडची गोष्ट. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. माझी टीम अर्धी इथं, अर्धी पुण्यात. पुण्यात सोमवारी सकाळी आठला काम सुरू होतं, तेव्हा आमच्याकडे रविवारचे रात्रीचे साडेनऊ. त्यांना आठवड्याचं काम लावून द्यायचं म्हणून मी रविवारी सातपासूनच लॅपटॉप उघडून बसायचो. हळूहळू सातचे पाच झाले. वाटायचं, घरीच तर आहे, कुठं एसटीनं घाट उतरून चाललोय?

मागच्या वर्षी अशाच एका कॉलवर बाबांनी नातीला विचारलं, "आज रविवार, मग बाबाबरोबर काय काय करणार?" ती सहज म्हणाली, "आजोबा, बाबाचा संडे लंचला संपतो."

मी हसलो. बाबा हसले नाहीत. "बरं बरं," म्हणाले आणि विषय बदलला. ते पाणी प्यायला आत गेल्यावर आईनं फोन जवळ घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तुला माहीत नाही, पण तू स्टँडवर आला नाहीस ना, त्या रविवारी ह्यांनी ती गाडी सोडली. तू येशील म्हणून स्टँडवर वाट बघत बसले आणि मागच्या गाडीनं गेले. पुढच्या शनिवारी आले ते कराडच्या बदलीचा अर्ज लिहूनच. पुढचं प्रमोशन दारात होतं, पण ते घेतलं तर पुन्हा लांबची बदली. मुलाखतीलाच बसले नाहीत. नंतरही कधी बसले नाहीत."

बाबा ज्या पदावर ऑफिसर झाले, त्याच पदावर निवृत्त झाले. कॉलेजात असताना मित्रांचे वडील मॅनेजर झालेले बघून मला वाटायचं की आपले बाबा महत्त्वाकांक्षी नाहीत. एकदा मी हे त्यांना बोलूनही दाखवलं होतं. तेव्हा त्यांनी फक्त "असेल बाबा" असं म्हटलं होतं.

त्या आठवड्यात मी पुण्याच्या टीम लीडशी बोललो. सोमवारचं काम आता मी शुक्रवारीच लिहून ठेवतो. अडलं तर फोन करा, असं सांगितलंय. गेल्या वर्षभरात रविवारी रात्री फोन आला तो दोनदा. इतकी वर्षं माझ्यावाचून अडत होतं, हा माझाच समज होता. आता रविवारी पाचला मुलीची बॅग आम्ही दोघं मिळून भरतो. तिच्या शाळेला गणवेश नाही, तरी एखादा फ्रॉक मी इस्त्रीला काढतो. पाढ्यांची गाडी सध्या सातवर अडली आहे. रात्री मुगाची खिचडी. पापडावरून भांडण होतं.

पण या बदलानं अर्धाच हिशेब मिटतो. मुलीची संध्याकाळ मी परत आणली, आई-बाबांची कशी आणू? मागच्या डिसेंबरात कराडहून निघालो तोही रविवार होता. विमान रात्री उशिराचं, मुंबईला जायला टॅक्सी दुपारीच येणार होती. बॅगा भरून झाल्या होत्या. तरी बाबांनी चादर दुमडून इस्त्री काढली आणि माझे चार शर्ट बॅगेतून बाहेर काढले. "बाबा, बॅगेत चुरगळणारच आहेत," मी म्हणालो. "चुरगळू देत," ते म्हणाले आणि कॉलरपासून सुरुवात केली. टॅक्सी वळेपर्यंत ते फाटकात उभे होते. या वेळी खिडकीतून हात करणारा मी होतो.

परत कधी येणार, हे त्यांनी विचारलं नाही. ते कधीच विचारत नाहीत, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं उत्तर नाही. आईनं सांगितलेली आणखी एक गोष्ट मात्र मला ठाऊक आहे. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात तिथं, घाटावर, बाबांच्या मित्रांचा कट्टा रोज सातपर्यंत बसतो. उन्हाळ्यातल्या रविवारी बाबा सव्वासहालाच उठतात. मित्र थट्टा करतात, तेव्हा ते म्हणतात, "गाडीची वेळ झाली."