गाडीचे वय आणि गाडीचा धूर

पूर्व दिल्लीतील आमच्या गल्लीच्या टोकाला एक घर आहे. त्या घराच्या अंगणात राखाडी रंगाची एक छोटी डिझेल मोटार उभी असते. तिचे मालक रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये तीसेक वर्षे काम करून निवृत्त झाले. सारी गल्ली त्यांना ‘चाचाजी’ म्हणते. निवृत्तीच्या पैशातून २०१३ साली त्यांनी ही गाडी घेतली आणि तेव्हापासून तिचे बॉनेट त्यांच्याखेरीज क्वचितच कुणी उघडले असेल. २०२३ मध्ये गाडीला दहा वर्षे पूर्ण झाली आणि दिल्लीच्या नियमानुसार ती रस्त्यावर आणणे बेकायदा ठरले. पुढची दोन वर्षे ती फाटकाबाहेर आली नाही. तरीही दर रविवारी सकाळी ताडपत्री बाजूला सारली जाई, ऑइलची पातळी पाहिली जाई, बॅटरीची टोके पुसली जात आणि इंजिन सुरू होई. एकदा न राहवून मी विचारले, ‘चाचाजी, जी गाडी चालवताच येत नाही, तिची एवढी निगा कशासाठी?’ हातातले फडके खाली न ठेवता ते म्हणाले, ‘बेटा, बंदी गाडीच्या वयावर आहे. तिच्या प्रकृतीची चौकशी अजून कुणी केलेलीच नाही.’

दिल्लीच्या प्रदूषणावर गेल्या दहा वर्षांत जे काही लिहिले व बोलले गेले, त्यातील एक मोठी उणीव या एका वाक्यात सापडते.

घटनाक्रम थोडक्यात असा. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल वाहनांना दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या रस्त्यांवर मनाई केली. पेट्रोल वाहनांसाठी ही मर्यादा पंधरा वर्षांची होती. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या मनाईवर शिक्कामोर्तब केले. १ जुलै २०२५ पासून तर अशा वाहनांना दिल्लीतील पंपांवर इंधनच द्यायचे नाही, असे ठरले. पंपांवर नंबरपाटी वाचणारे कॅमेरे बसले. मात्र काही दिवसांतच ती मोहीम थांबवावी लागली. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की केवळ वय झाले म्हणून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये. डिसेंबरमध्ये न्यायालयाने हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित केले. म्हणजे चाचाजींच्या गाडीला दिलासा मिळाला. त्याहून जुन्या, बीएस-३ वा त्याआधीच्या गाड्यांना तो उरला नाही.

या गाड्या एवढ्या संख्येने आल्या कशा, हेही आठवले पाहिजे. सरकारी नियंत्रणामुळे डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त होते. त्यामुळे पूर्वी टॅक्सीवाल्यांची मानली जाणारी डिझेल गाडी मध्यमवर्गाच्या दारात आली. १९९८ च्या अखेरीस आलेल्या टाटा इंडिकाने ही वाट रुंद केली. पुढे १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन फियाट, मारुती आणि टाटा या तिन्ही कंपन्यांच्या गाड्यांत बसू लागले. पुण्याजवळच्या रांजणगावातही तयार होणाऱ्या या इंजिनाला वाहनप्रेमी कौतुकाने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणत. जानेवारी २०१३ पासून डिझेलचे दर महिन्यागणिक थोडेथोडे वाढू लागले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये ते पूर्णपणे नियंत्रणमुक्त झाले. तोवर लक्षावधी कुटुंबांनी सरकारच्याच दरधोरणाकडे पाहून आपली पुंजी डिझेल गाडीत घातली होती. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत त्याच गाडीचे आयुष्य राजधानीत दहा वर्षांवर आणले गेले. नोंदणी पंधरा वर्षांची, रस्ता कर पंधरा वर्षांचा आणि मुभा मात्र दहा वर्षांची, ही विसंगती सामान्य माणसाला टोचत राहिली ती यामुळेच.

आता चाचाजींच्या अंगणाकडे परत येऊ. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. हवा पुरेशी, इंधन स्वच्छ आणि दाब योग्य या तीन गोष्टी सांभाळल्या तर हे इंजिन दीर्घायुषी असते. त्यांपैकी एक बिघडली, की ते धुराच्या भाषेत तक्रार करते. ‘धूर खोटे बोलत नाही,’ असे चाचाजी नेहमी सांगतात. काळा धूर म्हणजे इंधन जास्त आणि हवा कमी: एअर फिल्टर तुंबला असेल, टर्बोचा होज फाटला असेल किंवा इंजेक्टर नीट फवारत नसेल. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. थंडीच्या सकाळी सुरुवातीला येणारा पांढरा धूर बहुधा न जळलेल्या डिझेलचा असतो आणि त्यामागे एखादा निकामी ग्लो प्लग असू शकतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला, तर कूलंट आत शिरत असल्याची शंका घ्यावी आणि गाडी मेस्त्रीकडे न्यावी.

यातील पुष्कळशी कामे घरी होण्यासारखी आहेत. एअर फिल्टर बदलायला दहा मिनिटे पुरतात. डिझेल फिल्टरच्या तळाशी साठलेले पाणी स्क्रू सैल करून काढता येते. ते काढले नाही तर पंप आणि इंजेक्टर गंजतात. फिल्टर बदलल्यावर वाहिनीत शिरलेली हवा बाहेर काढल्याखेरीज इंजिन सुरू होत नाही, हे नवशिक्याला पहिल्याच प्रयत्नात कळते. छोट्या इंजिनाला सुमारे तीन लिटर ऑइल लागते. कंपनीच्या पुस्तकात दिलेले अंतर काहीही असो, शहराच्या तुंबलेल्या रहदारीत चालणाऱ्या गाडीचे ऑइल चाचाजी त्याआधीच बदलतात. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी ईजीआर झडप काजळीने भरते, ती ते वर्षातून एकदा उतरवून साफ करतात. अलीकडे त्यांच्या नातीने त्यांना एक छोटे स्कॅनर यंत्र आणून दिले. ते गाडीच्या सॉकेटमध्ये खोचले, की कोणता सेन्सर काय सांगतो आहे हे मोबाइलवर दिसते.

काय करू नये, हेही त्यांना ठाऊक आहे. नव्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात इंधनाचा दाब हजार बारच्या वर जातो. चालू इंजिनाची नळी सैल केली तर ती सूक्ष्म धार कातडीतून आत घुसते. म्हणून इंजेक्टरला ते हात लावत नाहीत. ते काम पंपवाल्या कारागिराचे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली ते कधी जात नाहीत, आधाराला स्टँड लावल्याखेरीज नाहीच. सुटे भाग कश्मीरी गेटच्या बाजारातून येतात आणि प्रत्येक भागाची नोंद एका जाड वहीत होते: तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती ऑइल घातले, धुराची चाचणी केव्हा केली आणि तिचा आकडा किती. बारा वर्षांत वहीची पाने जवळजवळ भरत आली आहेत.

इथवर वाचून एखाद्याला वाटेल, की हा लेख जुन्या गाड्यांची वकिली करतो आहे. तसे नाही. या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे आणि ती टाळून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच डिझेलचा धूर माणसात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या घटकांच्या वर्गात टाकला. बीएस-४ डिझेल मोटारीला प्रतिकिलोमीटर ०.०२५ ग्रॅम सूक्ष्म कण सोडण्याची मुभा होती. बीएस-६ मध्ये ती ०.००४५ ग्रॅमवर आली. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ०.२५ वरून ०.०८ ग्रॅमवर आली. याचा अर्थ साफ आहे. चाचाजींनी कितीही जीव ओतला तरी त्यांची गाडी फार तर २०१३ साली होती तशी राहील, २०२५ सालची होणार नाही. नव्या गाडीतील कण अडवणारा फिल्टर अंगणात बसून लावता येत नाही. ज्या मुलाच्या घरी सायकलही नाही, तेही हीच हवा श्वासात घेते. त्याच्या फुप्फुसांचा हक्क कुणाच्याही हौसेपेक्षा आणि काटकसरीपेक्षा मोठा आहे.

शिवाय घरची दुरुस्ती नेहमीच चाचाजींसारखी नसते. ईजीआर साफ करण्याचा कंटाळा म्हणून ती पत्र्याची चकती लावून कायमची बंद करणारे अनेक आहेत. गाडी जरा जोमाने पळते आणि विषारी वायू वाढतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून मनालाही बोचत नाहीत. काढलेले काळे ऑइल गटारात ओतणारेही कमी नाहीत. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. चाचाजी ते जुन्या डब्यांत साठवतात आणि ऑइल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाकडे देतात. पण अशी सोय शहरात किती घरांच्या आवाक्यात आहे?

मग न्याय्य काय? वयाचा नियम सोपा असतो, हीच त्याची ताकद आणि हाच त्याचा दोष. तारीख पाहिली, की निकाल लागतो. गाडी पाहावीच लागत नाही. महिन्यातून चारदा बाहेर निघणारी, नीट राखलेली मोटार आणि दिवसरात्र धावणारी, काळा धूर ओकणारी गाडी या नियमाला सारख्याच दिसतात. उलट, चारच वर्षांची पण हेळसांड झालेली गाडी त्याला दिसतच नाही. राजधानीतून हद्दपार झालेल्या कित्येक गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन अन्य राज्यांत विकल्या गेल्या. तेथे त्या चालतातच. महाराष्ट्रातही पंधरा वर्षांनंतर योग्यता तपासणी आणि पर्यावरण कर यांची वाट मोकळी आहे. दिल्लीचा धूर दुसऱ्या शहराच्या हवाली करणे, याला प्रदूषण नियंत्रण म्हणता येत नाही.

धूर मोजायचा म्हटले, तर मोजण्याची आजची रीत तोकडी आहे. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीचा धूर किती दाट आहे, एवढेच पाहतात. बीएस-४ गाडीसाठी ही मर्यादा १.६२ आहे, त्याआधीच्या गाड्यांसाठी २.४५. नायट्रोजन ऑक्साइड मोजलाच जात नाही, सूक्ष्म कणांचे वजनही होत नाही. त्यातही ही चाचणी किती ठिकाणी प्रामाणिकपणे होते आणि किती ठिकाणी नळी न लावताच कागद छापला जातो, हे प्रत्येक वाहनधारक जाणतो. ज्या राज्यव्यवस्थेला स्वतःच्या चाचणीवर विश्वास नाही, ती जन्मतारखेचा आधार घेते. वयाच्या नियमाचे खरे मूळ इथे आहे.

म्हणून उपाय मोजमापापासून सुरू व्हायला हवा. दहा वर्षांनंतर दरवर्षी, माणसाचा हात कमीत कमी लागेल अशा केंद्रात कडक तपासणी व्हावी; तीत नायट्रोजन ऑक्साइडही मोजला जावा आणि ईजीआर शाबूत आहे की नाही हेही पाहिले जावे. नापास गाडीला दुरुस्तीसाठी ठरावीक मुदत द्यावी आणि तरीही ती न सुधारल्यास मोडीत काढावी. हिवाळ्यात हवा अतिगंभीर होते तेव्हा बीएस-४ डिझेल मोटारींवर तात्पुरती बंदी येते, ती राहावीच. आणीबाणीच्या दिवसांत प्रकृती उत्तम असलेल्या गाडीनेही घरी बसावे. त्याचबरोबर दुरुस्तीचा मार्गही मोकळा हवा. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी जे संकेतस्थळ सुरू केले, त्यात वाहनांचाही समावेश आहे. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि वापरलेले ऑइल परत घेण्याची सोय प्रत्येक मोहल्ल्यापर्यंत पोहोचली, तर तो हक्क कागदावरून अंगणात उतरेल.

गेल्या ऑगस्टमध्ये निकालाची बातमी आली त्या रविवारी चाचाजींनी वही काढून मला दाखवली. गाडी उभी होती त्या दोन वर्षांच्या नोंदीही त्यात होत्या: बॅटरी, ब्रेक, टाकीतले जुने डिझेल काढून टाकल्याची तारीख. ‘हे सारे कुणी तरी पाहील, असे वाटले होते,’ ते म्हणाले. अद्याप कुणी पाहिलेले नाही. परिवहन खात्याच्या दफ्तरात या गाडीविषयी ठळक असलेली गोष्ट एकच: नोंदणीची तारीख. गाडी आता अधूनमधून फाटकाबाहेर येते. कागदपत्रांचा गुंता मात्र सुटायचा आहे. उद्या एखाद्या विश्वासार्ह चाचणीत ती नापास झाली तर काय कराल, असे मी त्यांना विचारले. थोडा वेळ ते गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘तर मोडीत देईन. पण आधी तपासा तर खरे.’