कासव पाळू नका, पाळलेले तळ्यात सोडू नका

कुत्रा उपाशी राहिला तर भुंकतो, गाय दावणीला हंबरते, शेजाऱ्यांना कळते. कासव मात्र ओरडत नाही. महिनोन्‌महिने ते टबात खंगत असते आणि धन्याला वाटते, झकास चालले आहे! नवी मुंबईच्या सदनिकांत काय किंवा पनवेल-उरणकडच्या गावांत काय, 'कासव आणले की लक्ष्मी येते' ही समजूत सारखीच. शंकराच्या देवळात गाभाऱ्यापुढे दगडी कासवाला आपण नमस्कार करतो; जिवंत कासवाचे हाल करून लक्ष्मी कशी येईल?

कासव ओळखा

पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असते ते स्टार कासव. हे जमिनीवरचे, कोरड्या माळरानाचे जनावर. खोल टबात ठेवले तर बुडून मरते. गवत, पाला, फुले, फड्या निवडुंग हा त्याचा आहार. त्याला दूध-भात किंवा पाव चारणे म्हणजे बैलापुढे भजी ठेवण्यासारखे आहे. ऊन आणि कॅल्शियम कमी पडले की कवच मऊ पडते, वेडेवाकडे वाढते. कोंबडी पातळ कवचाची अंडी का देते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

भातखाचरात, ओढ्यात सापडते ते मऊ पाठीचे कासव. गोगलगायी, किडे, मेलेले मासे खाऊन ते पाणी स्वच्छ ठेवते, म्हणजे शेतकऱ्याचे मित्रच. ते घरी आणू नये. सापडले तिथेच सोडावे.

तिसरे लाल कानाचे परदेशी कासव. विकत घेताना रुपयाच्या नाण्याएवढे दिसते, पुढे ताटाएवढे होते आणि वीस-तीस वर्षे जगते. मग मालक कंटाळतो व रात्री गावतळ्यात नाहीतर धारण तलावात सोडून येतो. ते आपल्याकडच्या कासवांच्या अन्नावर व जागेवर हक्क सांगते.

कायदा काय म्हणतो?

स्टार कासव व मऊ पाठीचे कासव ही दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. घरी बाळगणे हा गुन्हा असून किमान तीन, कमाल सात वर्षे कैद व किमान २५ हजार रुपये दंड आहे. 'आम्ही प्रेमाने सांभाळतो' ही सबब चालत नाही.

शेजाऱ्याकडे कासव दिसले तर

१) भांडण करू नये, कासव उचलून स्वतःच्या घरी नेऊ नये. तसे केल्यास बाळगल्याचा ठपका आपल्यावर येतो.

२) वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर किंवा जवळच्या वनक्षेत्रपाल कार्यालयास कळवावे. सरपंच, पोलीस पाटील यांनी यात पुढाकार घ्यावा.

३) वनकर्मचारी येईपर्यंत कासव भोके पाडलेल्या खोक्यात, गोणपाटावर, सावलीत ठेवावे. उताणे करू नये. स्टार कासव पाण्यात टाकू नये.

४) खाडीत, तळ्यात, डोंगरात आपल्या मनाने सोडू नये. आजारी कासव तिथे मरते, नाहीतर रोग पसरवते.

मालक स्वतःहून कासव देण्यास तयार असेल तर त्याला हिणवू नये, सोबत जावे. लाजेपोटी रात्री तळ्यात टाकलेल्या कासवापेक्षा दिवसाढवळ्या वनखात्याच्या हाती दिलेले कासव जगण्याची आशा जास्त असते. मुक्या जनावराची फिर्याद अखेर शेजाऱ्यानेच करायची असते.