कच्चे मडके आणि तिसरे मूल

विज्ञानकथेतली असामान्य बुद्धीची मुले बहुधा एकटी असतात. आईवडिलांना ती उमगत नाहीत, शाळेला झेपत नाहीत आणि सरकारला मात्र हवीशी वाटतात. ऑलाफ स्टेपल्डनच्या १९३५ सालच्या ‘ऑड जॉन’मध्ये हा साचा स्पष्ट दिसतो. कथेत भावंडे आली की मात्र सगळा तोल बदलतो, कारण समोरच्याची दुखरी जागा भावंडाला लहानपणापासून ठाऊक असते. थिओडोर स्टर्जनच्या ‘मोअर दॅन ह्यूमन’मध्ये (१९५३) रक्ताचे नाते नसलेली मुले एकत्र येऊन जणू एकच जीव होतात. जॉन विंडमच्या ‘द क्रिसलिड्स’मध्ये (१९५५) मनाने मनाशी बोलण्याची सर्वांत मोठी ताकद नायकाच्या चिमुकल्या बहिणीकडे, पेट्राकडे असते. पण या विषयाचा कस लावणारी कादंबरी म्हणजे ऑर्सन स्कॉट कार्डची ‘एंडर्स गेम’. १९७७ साली कथा म्हणून आलेली ही कल्पना १९८५ मध्ये कादंबरी झाली आणि नेब्युला व ह्यूगो हे दोन्ही पुरस्कार तिला मिळाले.

विगिन कुटुंबात तीन मुले आहेत. दोनच अपत्यांची परवानगी असलेल्या त्या काळात धाकटा एंडर सरकारच्या खास मंजुरीने जन्मतो आणि ‘तिसरा’ ही त्याच्या वाट्याची शिवी ठरते. मंजुरीचे कारण थंड डोक्याने ठरवलेले आहे. येऊ घातलेल्या युद्धाचा सेनापती व्हायला थोरला पीटर फार क्रूर निघाला, मधली व्हॅलेंटाइन फार मायाळू. दोघांच्या मधले काहीतरी हवे होते. एंडर सहा वर्षांचा असताना त्याला अंतराळातल्या युद्धशाळेत नेतात. मागे राहिलेली दोघे ‘लॉक’ आणि ‘डेमॉस्थेनिस’ या टोपणनावांनी संगणकजालावर राजकीय लेख लिहू लागतात. इथे पीटरची चलाखी पाहण्यासारखी आहे. संयमी लॉक तो स्वतःकडे ठेवतो आणि तिला मुळीच न पटणारा भडक डेमॉस्थेनिस बहिणीच्या गळ्यात घालतो. मोठी माणसे गंभीरपणे वाचतात ते लेख मुलांनी लिहिलेले असतात. टोपणनावावरून एक आपल्याकडची गोष्ट आठवते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली होती. विगिन मुलांना वय लपवायचे होते, नारळीकरांना कीर्ती.

कादंबरीतला खरा धारदार भाग मात्र व्हॅलेंटाइनचा आहे. पीटर भीती दाखवून काम करून घेतो, ती माया लावून. एंडर खचला की युद्धशाळेचा प्रमुख कर्नल ग्राफ तिच्याकडून पत्र लिहून घेतो. पत्रामागे कोणाचा हात आहे हे एंडरला कळते, तरीही ते आपले काम करतेच. पुढे लढणे सोडून बसलेल्या एंडरला पुन्हा उभे करायला तिलाच तळ्याकाठी आणले जाते. तिचे प्रेम खोटे नाही, आणि म्हणूनच ते इतके उपयोगी पडते. पीटरच्या दुष्टपणाची चर्चा वाचक अधिक करतात, पण मुलाला वाकवणारी खरी कळ ही बहीण आहे.

बुद्धीने वयाच्या पुढे गेलेली, जन्मामुळेच नियमाबाहेर ठरलेली आणि एकमेकांवर अधिकार चालवणारी भावंडे मराठी वाचकाला नवी नाहीत. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई यांची कथा विज्ञानकथा नव्हे, पण प्रश्न तेच आहेत. वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थाश्रमात आले, म्हणून आळंदीने कुटुंबाला वाळीत टाकले. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले आणि ‘संन्याशाची पोरे’ शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली, असे परंपरा सांगते. भावंडांच्या जन्मसालांबाबत दोन परंपरा आहेत. एकीप्रमाणे थोरल्या निवृत्तीचा जन्म १२७३ चा आणि धाकट्या मुक्ताईचा १२७९ चा, दुसरीप्रमाणे ही साले काही वर्षे मागे जातात. नेवासे येथे १२९० मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ पूर्ण झाली तेव्हा कोणत्याही हिशेबाने चौघे कोवळ्या वयाची होती.

अधिकाराची उतरंड इथे उघड आणि मान्य केलेली आहे. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर वाट चुकलेल्या निवृत्तीला गहिनीनाथांनी उपदेश केला, निवृत्ती ज्ञानदेवांचे गुरू झाले आणि ज्ञानदेवांकडून तो उपदेश धाकट्या दोघांकडे गेला. थोरला भाऊच गुरू म्हटल्यावर ही व्यवस्था जुलमी व्हायला वेळ लागत नाही. तसे झाले नाही याचे एक कारण मुक्ताई असावी. ‘ताटीचे अभंग’ या नावाने तिची जी रचना ओळखली जाते, तिच्यामागची हकिकत अशी: लोकांच्या बोलण्याने दुखावलेल्या ज्ञानदेवांनी झोपडीचे दार लावून घेतले आणि धाकट्या बहिणीने बाहेरून समजूत घालून ते उघडायला लावले. या अभंगांचे कर्तृत्व काही अभ्यासकांना शंकास्पद वाटते. पण प्रसंगाची रचना नेमकी व्हॅलेंटाइनच्या तळ्याकाठच्या प्रसंगाची आहे: हात टेकून बसलेला प्रतिभावान भाऊ आणि त्याला पुन्हा कामाला लावणारी बहीण. फरक एवढाच की मुक्ताईच्या मागे कोणी कर्नल उभा नाही. १९४० साली आलेल्या प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’ चित्रपटानंतर लोकांच्या डोळ्यांपुढे चालती भिंत आणि वेद बोलणारा रेडा राहिला. या चमत्कारांपेक्षा बंद दाराशी चाललेले ते बोलणे कितीतरी नाट्यमय आहे.

मुक्ताईचे सगळे बोलणे इतके मायेचे नव्हते. दीर्घायुषी योगी चांगदेवांचे कोरे पत्र आले तेव्हा इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, असा शेरा तिने मारल्याचे सांगतात. त्या पत्राला ज्ञानदेवांनी दिलेले उत्तर म्हणजे पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’. त्याहून बोचरा प्रसंग गोरोबा कुंभारांकडचा. संत जमले होते. गोरोबांचे थापटणे पाहून मुक्ताईने साळसूदपणे विचारले की हे कशासाठी असते. मडके कच्चे की पक्के ते याने कळते, असे उत्तर आल्यावर तिने सुचवले की मग इथली मडकीही तपासून पाहावीत. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारत गेले. बाकीचे गप्प राहिले. पंढरपूरचे नामदेव, साक्षात विठ्ठलाचे लाडके, चिडले आणि भर सभेत कच्चे ठरले.

उत्तर ठाऊक असताना प्रश्न विचारणे, निकाल दुसऱ्याच्या तोंडून वदवणे आणि समोरच्याच्या अभिमानावर अचूक बोट ठेवणे, हे सगळे पीटर विगिनला शोभेल असे आहे. कीर्तनात या प्रसंगाला हशा मिळतो, पण नामदेवांच्या बाजूने पाहिले तर तो ठरवून केलेला अपमान होता. नामदेव पंढरपुरात विठ्ठलाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले. तिथेही गुरू कर, असाच निर्वाळा मिळाला आणि त्यांना विसोबा खेचरांकडे जावे लागले. हेच विसोबा एकेकाळी या भावंडांचे छळवादी होते. मांडे भाजायला मुक्ताईला खापर मिळू दिले नाही ते त्यांनीच. मग ज्ञानदेवांनी जठराग्नी चेतवला आणि त्यांच्या पाठीवर तिने मांडे भाजले, अशी कथा आहे. ते पाहून विसोबा शरण आले. जो खापराला आडवा आला, त्याच्याच हाती कच्चे मडके भाजायला गेले. या साखळीत मुक्ताईला स्वतःसाठी काहीच मिळत नाही. डाव आणि उपदेश यांतला भेद शोधायचा तर तो इथेच सापडतो, कारण दोन्हींची हत्यारे एकच आहेत.

दोन्ही कथांचे शेवटही शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. युद्ध संपल्यावर व्हॅलेंटाइन एंडरला पृथ्वीवर परतू देत नाही. पीटर त्याला प्यादे करील हे तिला ठाऊक असते. ती त्याच्यासोबत दूरच्या वसाहतीला निघून जाते आणि पीटर जगाचा सत्ताधीश होतो. इकडे १२९६ च्या कार्तिकात आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. त्यानंतर आठेक महिन्यांत सासवडला सोपान, तापीकाठी मुक्ताई आणि त्र्यंबकेश्वरी निवृत्ती गेले. चार भावंडांच्या समाध्या चार ठिकाणी असल्यामुळे आषाढीला त्यांच्या पालख्याही चार वाटांनी सोलापूर जिल्ह्यात येतात. ज्ञानदेव आणि सोपानकाकांच्या पालख्यांची ‘बंधुभेट’ माळशिरस-पंढरपूरच्या वाटेवर टप्पा येथे होते.

सत्तर ओलांडलेला पीटर शेवटी आपली जीवनकथा लिहायला एंडरलाच सांगतो, म्हणजे त्या घराची गोष्ट घरातलाच माणूस लिहितो. चार भावंडांच्या बाबतीत तसे झाले नाही. त्यांच्या जन्माची, तीर्थयात्रेची आणि समाधीची हकिकत मुख्यतः नामदेवांच्या नावावरच्या ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ या अभंग-प्रकरणांतून कळते. त्यांतले किती अभंग पहिल्या नामदेवांचे आणि किती मागाहूनच्या विष्णुदास नाम्याचे, हा वाद जुना आहे. १७६२ मध्ये महिपतींनी ‘भक्तविजय’ रचला तो अशाच सामग्रीवर. पण परंपरेपुरते बोलायचे तर मुक्ताईची कथा सांगण्याचा अधिकार तिने कच्चे ठरवलेल्या माणसाकडे गेला आणि त्याने त्या सभेची हकिकत गाळली नाही.