कांदा नको, घड्याळ बघा!

मैत्रिणींनो, लेकराला फिट आली की आपल्याकडे आधी काय शोधतात? चप्पल! नाहीतर कांदा. कुणी मुठीत किल्ली कोंबतं, कुणी दातांत चमचा घालतं. घनसावंगी तालुक्यात बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की प्रत्येकीकडे एक तरी उपाय असतोच. ‘मी घड्याळ बघितलं’ असं मात्र कुणी म्हणत नाही.

मेंदूचं काम विजेच्या बारीक संदेशांवर चालतं. त्यात एकदम गोंधळ उडाला की हातपाय झटकतात, डोळे फिरतात, तोंडाला फेस येतो. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. श्रेय जातं कांद्याला! चमच्याने दात तुटतो, पाणी पाजलं तर श्वासनलिकेत जातं. म्हणून लेकराला कुशीवर वळवा, गळ्याजवळचं बटण सोडा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा. हातपाय दाबून धरू नका. आणि वेळ बघा. पाच मिनिटं उलटली, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली, तर १०८ ला फोन करा. पहिलीच फिट असेल तर थांबल्यावरही डॉक्टरांना दाखवायचंच.

सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाला नुसत्या तापानेही फिट येते. बहुतेकांना ती पुढे राहत नाही. ताप नसताना पुन्हा पुन्हा येते ती मिरगी. सगळ्यांचेच हातपाय झटकतात असंही नाही. जेवता जेवता दहा-पंधरा सेकंद शून्यात बघत राहणारी पोरगी ‘वेंधळी’ म्हणून उगाच मार खाते.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, योग्य औषध मिळालं तर मिरगीच्या शंभरातल्या सत्तर जणांच्या फिट थांबू शकतात. पण गोळी रोज हवी ना! मेख इथेच आहे. दिवाळी झाली की आपल्या भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात. भांडीकुंडी, शेळ्या, सगळं बरोबर. गोळ्या मात्र आठ दिवसांत संपतात. किंवा चार महिने फिट आली नाही की सासूबाई म्हणतात, ‘बरं झालंय आता, कशाला विकतचं दुखणं?’ गोळी एकदम तोडली तर थांबता न थांबणारी फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. साधारण दोन वर्षं एकही फिट नाही, मगच डॉक्टर हळूहळू डोस कमी करतात. तेव्हा निघण्याआधीच पुरेशा गोळ्या लिहून घ्या आणि चिठ्ठी कपड्यांच्या पेटीत ठेवा.

अंगणवाडीत, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्यांच्या यादीत फिटचा आजारही आहे, पण आयाच सांगत नाहीत. पोरीची जात, उद्या लग्न कसं जमायचं? तर ऐका, हिंदू विवाह कायद्यात पूर्वी मिरगीची आडकाठी होती, ती १९९९ साली काढून टाकली. सोयरे अजून विचारतात, हे खरंय. पण लपवून लग्न लावलं तर सासरी गोळ्याही लपवाव्या लागतात, आणि मग त्या सुटतात.

फिट येणाऱ्या लेकराला विहिरीवर आणि चुलीपाशी एकटं सोडू नका. शाळेतून मात्र काढू नका. वर्गातल्या बाईंना कुशीवर कसं वळवायचं ते स्वतः जाऊन दाखवा, शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीलाही.