पायांतून वर चढणारी कमजोरी

जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरीच्या बाजूला, जुलाबाचे रुग्ण होते आणि त्यांच्या मागोमाग पाय लुळे पडलेले रुग्ण दवाखान्यात येऊ लागले. बघता बघता ‘जीबीएस’ हे नाव घरोघरी पोचलं. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. राष्ट्रीय विषाणू संस्थेला काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि सगळ्यांची नजर पिण्याच्या पाण्याकडे वळली.

जीबीएस म्हणजे गीयाँ-बारे सिंड्रोम एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. कॅम्पिलोबॅक्टरच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखेच दिसतात. जिवाणूशी लढायला शरीर प्रतिपिंडं तयार करतं आणि तीच नसांवर तुटून पडतात. म्हणून जुलाब थांबतात, माणूस बरा वाटतो, आणि आठ-पंधरा दिवसांनी जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत.

हा आजार ओळखायला सुरुवातीला महागडं यंत्र लागत नाही, हे मला ठासून सांगावंसं वाटतं. तळपायांना मुंग्या, दोन्ही पायांत जवळपास सारखीच कमजोरी, ती दिवसागणिक वर चढणारी. आणि गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय न उडणं. १९१६ साली गीयाँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांत हेच पाहिलं, शिवाय पाठीच्या पाण्यात प्रथिनं वाढलेली पण पेशी वाढलेल्या नाहीत, हेही टिपलं. आजही पाठीचं पाणी आणि नसांची विद्युत तपासणी यांवरच निदान पक्कं होतं. मात्र पहिल्या आठवड्यात दोन्ही अहवाल नॉर्मल येऊ शकतात. अहवाल चांगला आला म्हणून चालता न येणाऱ्या माणसाला घरी न्यायचं नाही.

खरा धोका श्वासाचा. साधारण चारांतल्या एका रुग्णाला व्हेंटिलेटर लागतो, आणि ऑक्सिजनचं प्रमाण घसरेपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. म्हणून अनुभवी डॉक्टर रुग्णाला एका दमात आकडे मोजायला लावतात. सकाळी पंचवीसपर्यंत पोचणारा संध्याकाळी बारावर अडला, तर आयसीयूची तयारी करावी लागते. गिळताना ठसका लागणं, आवाज बसणं, नाडी आणि रक्तदाब अचानक वरखाली होणं, हेही तितकंच गंभीर.

उपचार दोन: पाच दिवस शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं. दोन्हींचा गुण जवळपास सारखा, आणि पहिल्या दोन आठवड्यांत दिलं तर फायदा जास्त. स्टेरॉइडचा मात्र या आजारात उपयोग होत नाही. इम्युनोग्लोब्युलिनचा खर्च लाखांत जातो. अशा वेळी सरकारी मदत मिळणं हा उपचाराचाच भाग समजायला हवा.

बहुतेक रुग्ण पुन्हा चालतात. नुसतं नसेवरचं आवरण खराब झालं असेल तर काही आठवड्यांत ताकद येऊ लागते. आतला तंतूच तुटला असेल तर तो रोज जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर मोजलं की फिजिओथेरपी महिनोन्‌महिने का चालते ते कळतं. चालता येऊ लागल्यावरही थकवा उरतो, कधी वर्षानुवर्षं. घरच्यांनी त्याला आळस म्हणू नये. तो आजाराचाच भाग आहे आणि कामावर परतताना सुरुवातीला अर्धा दिवस मागून घेण्याइतका खरा आहे.