लिनक्सवर वायफाय संथ? आधी दोष कुठे आहे ते शोधा

शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख, जुन्या लॅपटॉपवर बसवलेली लिनक्स प्रणाली आणि उघडता उघडत नसलेले संकेतस्थळ! जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात अशा वेळी पहिला संशय लिनक्सवर घेतला जातो. प्रणाली बदलण्यात दिवस वाया जातो. दोष मात्र अनेकदा डोंगरापलीकडे असतो.

इंटरनेटचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. पहिला संगणकापासून घरातील राऊटरपर्यंत, दुसरा तेथून बाहेर. या दोन टप्प्यांची परीक्षा स्वतंत्रपणे घ्यावी. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘डीफॉल्ट राऊट’पुढे राऊटरचा पत्ता दिसतो. टर्मिनलमध्ये ‘पिंग’ ही आज्ञा व तो पत्ता दिल्यास प्रत्येक उत्तरास लागलेला वेळ कळतो. उत्तरे काही मिलिसेकंदांत, सातत्याने येत असतील तर घरातील टप्पा बहुधा ठीक आहे. वेळ शेकड्यांत उसळत असेल किंवा उत्तरे गळत असतील, तर दोष घरातच शोधावा.

तेथे तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, वीजबचत. बॅटरी वाचवण्यासाठी वायफाय कार्ड मधूनमधून झोपते. नेटवर्क मॅनेजरच्या रचनेत ‘वायफाय पॉवरसेव्ह’पुढील ३ हा आकडा २ करून ती सेवा पुन्हा सुरू केल्यास ही बचत बंद होते. दुसरी, फर्मवेअर. बहुतेक कार्डांचे फर्मवेअर मुक्त परवान्याचे नसल्याने काही वितरणे ते सोबत देत नसत. डेबियनने २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये समाविष्ट केले. ते सापडत नसल्यास ‘डीमेसेज’ या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदींत तसा उल्लेख आढळतो. तिसरी, लहरी. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर थकतो, २.४ गिगाहर्ट्‌झचा दूर पोहोचतो, मात्र तेथे ब्लूटूथ व शेजाऱ्यांच्या राऊटरची गर्दी असते. या पट्ट्यात १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीची वाहिनी निवडावी.

घरातील टप्पा निर्दोष ठरला, तर लिनक्समधील बदल सहसा उपयोगी पडत नाहीत. बाहेरील बिनतारी दुव्यांना शक्यतो मोकळी दृष्टिरेषा लागते आणि डोंगर, झाडी ती अडवतात. कमी वारंवारितेच्या लहरी हे अडथळे अधिक सहज पार करतात. याच तत्त्वावर आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने पालघरमधील खामलोली परिसरात दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींवरून गावांना इंटरनेट जोडण्याचा प्रयोग केला. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत त्याचा गौरवही झाला.

म्हणून प्रणाली बदलण्यापूर्वी राऊटरचे आणि बाहेरील एखाद्या संकेतस्थळाचे, अशी दोन्ही ‘पिंग’ वेळेसह टिपून ठेवावीत. सेवा पुरवणाऱ्याकडे तक्रार करताना ‘तुमचा संगणकच बिघडला असेल’ या उत्तरापुढे हीच टिपणे कामी येतात.