स्केट घेताना आधी पाऊल पाहा

वसई-विरारची मुलं स्केटिंग शिकतात ती चाकांवर. त्यातल्या कुणाला पुढे लेहच्या बर्फावर आइस हॉकी खेळायची असेल, तर बूट मात्र फार जपून निवडावा लागतो. रोजच्या चपला-बुटांचा नंबर इथे चालत नाही. हॉकीचा स्केट साधारण एक ते दीड नंबर लहान लागतो.

लांबीइतकंच महत्त्व चवड्याच्या रुंदीला आणि पावलाच्या उंचीला आहे. बॉअर कंपनी फिट १, २, ३ अशा, तर सीसीएम टेपर्ड, रेग्युलर, वाइड अशा अरुंद ते रुंद ठेवणी देते. पातळ मोजा घालून, नाडी बांधून सरळ उभं राहा: बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरकावीत. टाच अजिबात उचलता कामा नये. ती हलली की फोड येतात आणि वळताना ताबा सुटतो. नाडी सोडून, जीभ पुढे ओढून भोकांच्या वरच्या रांगांवर पेन्सिल आडवी ठेवा. ती पावलाला अडली, तर बूट उथळ आहे.

पालकांनो, ‘पाय वाढतोय’ म्हणून दोन नंबर मोठा स्केट कृपया घेऊ नका.